उत्तरेचा उजेड आणि कुलाब्याचा काटा

थंडीच्या दिवसांत शहाणी माणसं उबेकडे जातात. मी २०२४च्या फेब्रुवारीत नॉर्वेच्या पार उत्तर टोकाकडच्या ट्रॉम्सो गावी गेलो. माझी पुतणी ओस्लोला नोकरी करते. तिनं तिकीट काढलं, तिथल्या एका सहलवाल्याकडे दोन रात्रींचं आरक्षण करून टाकलं आणि फोनवर सांगितलं, "चाचा, चंद्र-चांदण्यांवर पुष्कळ लिहून झालं. आता आकाशात खरोखर काय चालतं ते या आणि बघा." पन्नाशी उलटलेल्या कोकणी माणसाला, ज्याची थंडी म्हणजे पहाटेची शाल, हे आमंत्रण तसं जड होतं. पण मला जायचं होतं. कारण हा उत्तरेकडचा प्रकाश पाहून हजार वर्षांपूर्वी घाबरलेला एक माणूस माझ्या ओळखीचा होता.

त्याचं नाव अहमद इब्न फदलान. बगदादचा खलिफा अल्-मुक्तदिर यानं वोल्गा नदीकाठच्या बुल्गार लोकांच्या राजाकडे एक शिष्टमंडळ पाठवलं. त्यात हा होता. इ.स. ९२१च्या उन्हाळ्यात मंडळी बगदादहून निघाली आणि ९२२च्या मे महिन्यात पोचली. हिवाळा त्यांनी ख्वारिज्ममध्ये काढला. त्या थंडीचं वर्णन त्यानं केलं आहे. हमामातून अंघोळ करून घरी येईपर्यंत दाढीचा बर्फाचा गोळा होई आणि तो शेगडीजवळ बसून वितळवावा लागे. पुढे निघताना अंगावर इतके कपडे चढवले, सदऱ्यावर अंगरखा, त्यावर मेंढीचं कातडं, त्यावर आणखी काही, की उंटावर चढल्यावर हलताही येईना. ट्रॉम्सोत सहलवाल्यानं आम्हाला डोक्यापासून पायापर्यंत एक सलग जाडजूड सूट आणि हत्तीच्या पायाएवढे बूट दिले, ते घालून बसच्या पायऱ्या चढताना मला इब्न फदलानची आठवण होऊन हसू आलं. पुतणीला वाटलं, चाचांना थंडी डोक्यात गेली.

तर हा इब्न फदलान बुल्गारांच्या मुलुखात पोचला. तिथल्या पहिल्याच संध्याकाळी क्षितिज लालभडक झालं. वर पाहतो तर डोक्यावर आगीसारखा लाल ढग. त्यात माणसांच्या आणि घोड्यांच्या आकृत्या, हातांत धनुष्यं, भाले, तलवारी. समोरून तसाच दुसरा जमाव आला आणि दोघे एकमेकांवर तुटून पडले. गलबलाही ऐकू आल्याचं तो लिहितो. बगदादची मंडळी घाबरून दुवा मागू लागली. गावचे लोक मात्र त्यांना हसत होते. त्यांच्यासाठी हे रोजचं. राजाला विचारलं, तर तो म्हणाला, आमचे वाडवडील सांगतात, हे जिन्न आहेत. काही श्रद्धावान, काही काफर. रोज संध्याकाळी लढतात.

मला या माणसाचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी, की तो खलिफाचा वकील असूनही, आपण घाबरलो आणि लोक आपल्याला हसले, हे त्यानं लिहून ठेवलं. दरबारी माणसं असं लिहीत नाहीत. आणखी एक प्रसंग त्यानं दिला आहे. बगदादचाच एक शिंपी त्या राजाकडे होता. दोघं तंबूत गप्पा मारत इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजाच्या अजानची वाट बघत बसले. अजान झाली म्हणून बाहेर आले, तर पहाट फुटलेली! ही कुठली अजान, असं मुअज्जिनला विचारलं, तर तो म्हणाला, फजरची. इशा आम्ही मगरिबबरोबरच उरकतो, रात्र इतकी लहान आहे. उलट फजर चुकेल या धास्तीनं तो बिचारा महिनाभर झोपला नव्हता. उत्तरेकडे उन्हाळ्यात रात्र आटते, हे बगदादच्या माणसाला असं कळलं.

हे प्रवासवर्णन पुढे हरवलं. जुन्या भूगोलकारांनी त्यातले उतारे घेतले होते तेवढेच लोकांना ठाऊक. १९२३ मध्ये इराणातल्या मशहदच्या ग्रंथालयात झेकी वेलिदी तोगान या विद्वानाला त्याचं हस्तलिखित सापडलं. ते मी इंग्रजी भाषांतरात वाचलं. अरबी मला नमाजापुरतीच येते.

आता ट्रॉम्सोकडे येतो. हे गाव उत्तर ध्रुववृत्ताच्याही साडेतीनशे किलोमीटर वर, एका बेटावर आहे. नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवतच नाही. आम्ही गेलो तेव्हा उगवत होता, पण दुपारी साडेतीनला मावळत होता. तरी बंदर गोठत नाही, कारण अटलांटिकमधला उबदार प्रवाह किनाऱ्याला लागून जातो. पूर्वी उत्तर नॉर्वेत प्रवासी यायचे ते उन्हाळ्यात, मध्यरात्रीचा सूर्य बघायला. पैसे मोजून, मुद्दाम काळोखात, कडाक्याच्या थंडीत येणं ही अलीकडची तऱ्हा. आता हिवाळ्यात संध्याकाळ झाली की ट्रॉम्सोतून बसमागून बस निघते आणि प्रत्येकीत जगभरची माणसं. आमच्या बसमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघं सोडून पुण्याचं एक जोडपंही निघालं. त्यांनी चिवडा काढला. मराठी माणूस ध्रुवावर गेला तरी डबा सुटत नाही.

आमचा वाटाड्या पोलंडहून आलेला तरुण होता. एका हातात फोन, त्यावर ढगांचा नकाशा. तो म्हणाला, ध्रुवीय प्रकाश जवळजवळ रोजच असतो, शोधायचं असतं ते फाटलेलं आभाळ. पहिल्या रात्री ते कुठेच मिळालं नाही. रात्री दोन वाजता गरम चॉकलेट पिऊन परत. पैसे परत मिळत नाहीत, हे आधीच सांगितलेलं असतं.

बसमध्ये वेळ भरपूर, म्हणून तो या प्रकाशाची नावं सांगत होता. तिथले मूळ रहिवासी सामी लोक. त्यांच्या भाषेतल्या नावाचा अर्थ, ऐकू येणारा प्रकाश. त्याच्याकडे बघून शीळ घालू नये, तो खाली येऊन माणसाला उचलून नेतो, असं त्यांच्यात मुलांना बजावत. फिनलंडवाल्यांच्या भाषेत हा 'कोल्ह्याची आग': कोल्हा बर्फावरून पळतो, शेपटी घासून ठिणग्या उडतात. तेराव्या शतकात नॉर्वेत लिहिलेल्या 'राजाचा आरसा' या अर्थाच्या नावाच्या ग्रंथात तर मुलाला समजावणारा बाप तीन तीन शक्यता मांडतो. पृथ्वीभोवतीच्या समुद्राला वेढणारी आग असेल, क्षितिजाखाली गेलेल्या सूर्याचे किरण असतील, किंवा हिमनद्यांनी साठवलेलं तेज बाहेर पडत असेल. तिन्ही चूक. पण एकाही उत्तरात भूत नाही, हे आठशे वर्षांपूर्वीच्या बापाला शोभणारं आहे.

'ऑरोरा बोरिएलिस' हे नाव दिलं गॅलिलिओनं, १६१९ मध्ये. ऑरोरा ही रोमन लोकांची पहाटेची देवता, म्हणजे उत्तरेची पहाट. इथे माझ्यातला भाषेचा माणूस जागा होतो. लॅटिन 'ऑरोरा' आणि आपली वेदांतली 'उषस्' हे दोन्ही शब्द एकाच मुळातले. पुण्यात १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात लोकमान्य टिळकांनी वेदांतल्या उषेवरूनच, आर्यांचं मूळ घर ध्रुवप्रदेशात होतं, असा सिद्धान्त मांडला. एवढ्या लांबलेल्या, अनेक दिवस रेंगाळणाऱ्या पहाटेचं वर्णन दुसरीकडचा माणूस कसा करील, असा त्यांचा युक्तिवाद. अभ्यासकांनी तो सिद्धान्त पुढे स्वीकारला नाही. पण सिंहगडाच्या हवेत राहणाऱ्या माणसानं निव्वळ ऋचांच्या आधारे ध्रुवावरची पहाट डोळ्यांपुढे आणली, ही कवीच्याच जातीची झेप आहे.

दुसऱ्या रात्री आम्ही सव्वाशे-दीडशे किलोमीटर आत, स्किबोटनच्या बाजूला गेलो. तिथे डोंगर समुद्राकडचे ढग अडवतात, म्हणून आभाळ मोकळं असतं. उणे अठरा अंश. वाटाड्यानं शेकोटी पेटवली, तिकाटण्या रोवल्या. दहाच्या सुमारास उत्तरेला एक पांढुरका पट्टा दिसला. मला वाटलं ढग. त्यानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला, तर हिरवा! अंधारात आपल्या डोळ्याला रंग नीट कळत नाहीत, कॅमेरा प्रकाश साठवत बसतो. पुण्याच्या बाईंचं तोंड उतरलं. "फोटोत होता तसा नाहीच की हो," त्या म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. जाहिरातीतलं आकाश आणि डोक्यावरचं आकाश यांत एवढा फरक असतो हे सहलवाले मोठ्या अक्षरांत छापत नाहीत.

मग साडेअकराला तो पट्टा जागा झाला. दुसरा शब्द मला सापडत नाही. कडेला सुरकुत्या पडल्या, पडदा वाऱ्यानं हलावा तसा तो पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकू लागला, आणि आता उघड्या डोळ्यांना हिरवा दिसत होता, खालच्या काठाला गुलाबी. काही क्षणांत तो डोक्यावर आला आणि वरून खाली भाले यावेत तशा रेघा उतरू लागल्या. इब्न फदलानला भाले का दिसले ते मला कळलं. आवाज मात्र काही आला नाही. शेकोटीभोवती पंधरा-सोळा माणसं, सात-आठ भाषा, आणि कुणीच बोलत नव्हतं. सात-आठ मिनिटांत सगळं विझलं. पुतणीनं हळूच विचारलं, "चाचा, दुवा मागितली का?" मागितली होती.

आता या प्रकाशाचा उलगडा कसा झाला त्याकडे वळतो, कारण त्यात आपल्या मुंबईचा वाटा आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे.

माझे वडील आगबोटीवर सुकाणी होते. ते म्हणत, कप्तान चुकेल, तारा ढगाआड जाईल, होकायंत्राचा काटा इमान सोडणार नाही. पण काटाही थरथरतो. १७४१ मध्ये स्वीडनच्या उप्साला इथे आंद्रेस सेल्सियस (तापमानाच्या अंशांना ज्याचं नाव आहे तोच) आणि त्याचा मेहुणा ओलोफ यॉर्टर यांच्या लक्षात आलं, की आकाशात हा प्रकाश पेटला की टेबलावरची चुंबकसूची हलते. यॉर्टरनं हजारो वेळा त्या सूचीकडे पाहून नोंदी केल्या. कंटाळवाणं काम. पण आकाशातल्या तमाशाचा संबंध पृथ्वीच्या पोटातल्या चुंबकाशी आहे, हे त्या कंटाळ्यातून निघालं.

त्यानंतरच्या शतकात जगभर चुंबकीय वेधशाळा निघाल्या. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ची. तिथे १८४१ पासून चुंबकीय नोंदी होऊ लागल्या. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांचा या वेधशाळेशी संबंध होता, आणि केरूनाना छत्रे तर पोरसवदा वयात तिथे कामाला लागले. काम काय, तर दुर्बिणीतून काट्याची जागा बघायची आणि वहीत आकडा लिहायचा. तासामागून तास, रात्रंदिवस.

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी लंडनजवळ रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत होता. अचानक त्या डागांवर पांढरा झगझगीत प्रकाश चमकला आणि पाचेक मिनिटांत गेला. त्यानंतर सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं. क्यूबा आणि हवाईपर्यंत, जिथे हा प्रकाश कधी दिसत नाही तिथे, आकाश लाल झालं. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारबाबूंनी आपल्या बॅटऱ्या काढून टाकल्या आणि तारेत आपोआप खेळणाऱ्या प्रवाहावर दोनेक तास संदेश पाठवले. युरोपातल्या काही वेधशाळांत तर नोंद करणारी रेघ कागदाबाहेरच निघून गेली.

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती, दहा-अकराचा सुमार. भर दिवस, आकाशात कुणाला काही दिसणं शक्य नाही. पण कुलाब्यात काटा कोसळला. इथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा जोर साधारण अडतीस हजार एककांचा धरला, तर तो सोळाशे एककांनी खाली आला आणि थोड्याच वेळात बराचसा परतही आला. मोजणाऱ्यानं तासाची वाट पाहिली नाही. वादळ उठलं की नोंदी भराभर घ्यायच्या असा नियम होता, तो पाळला. वही छापली गेली, कपाटात गेली. २००३ मध्ये अमेरिकेतले ब्रूस त्सुरुतानी आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना, शोभना अॅलेक्स आदींनी त्या नोंदी पुन्हा अभ्यासल्या आणि दाखवलं, की विषुववृत्ताच्या इतक्या जवळ त्या वादळाचा पूर्ण आलेख देणारी एवढी चांगली नोंद हीच. माणसानं मोजलेल्या सर्वांत मोठ्या सौर वादळाचं माप आज जगाला कळतं ते कुलाब्यामुळे. त्या सकाळी दुर्बिणीला डोळा लावून बसलेला माणूस कोण होता? साहेब होता की एखादा हाताखालचा परभू, जोशी, पारशी किंवा माझ्यासारखा कुणी? आकडे आहेत, त्यांमागचा हात दिसत नाही. मला त्या हाताबद्दल राहून राहून कुतूहल वाटतं.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या तारांमुळे काटा बिघडणार, म्हणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय काम अलिबागला हलवलं. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकदम चालू ठेवल्या, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. इमारत बांधताना लोखंड टाळलं. माझं बालपण अलिबागचं. समुद्राकडे जाताना त्या आवाराला वळसा पडायचा. आत सायकल नेत नाहीत, खिशात किल्लीसुद्धा चालत नाही, असं आम्ही पोरं एकमेकांना सांगत असू आणि आत काहीतरी सरकारी गुपित आहे असं समजत असू.

काट्याच्या थरथरीचं कारण शोधायला नॉर्वेचा क्रिस्तियान बिर्केलान आयुष्यभर झगडला. जन्म १८६७चा. त्यानं पोकळी केलेल्या काचेच्या पेटीत एक चुंबकीय गोळा टांगला, ही छोटी पृथ्वी, आणि त्यावर विद्युतकणांचा झोत सोडला. गोळ्याच्या दोन्ही ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी उमटली. सूर्याकडून येणारे कण पृथ्वीचं चुंबकत्व ध्रुवांकडे वळवतं, असं त्यानं म्हटलं. पण प्रयोगशाळेतल्या गोळ्यावर कोण विश्वास ठेवणार? मग तो प्रत्यक्ष आकाशाखाली गेला. १८९९ मध्ये आल्टाजवळ हल्डे नावाच्या नऊशे मीटर उंच उघड्या डोंगरावर त्यानं दगडी वेधशाळा बांधून घेतली आणि हिवाळा तिथे काढला. वारा असा, की माणूस उभा राहू शकत नाही. त्या हिवाळ्यात एलिसार बोये हा त्याचा तरुण साथीदार हिमकड्याखाली सापडून मेला. त्याआधीच्या मोहिमेत ब्यॉर्न हेलान-हान्सेन या विद्यार्थ्याची बोटं गारठून गेली आणि कापावी लागली. तो डॉक्टर होणार होता, ते राहिलं. पुढे तो मोठा समुद्रशास्त्रज्ञ झाला. आम्ही गरम बूट घालून, बिस्किटं खात जे सात-आठ मिनिटं पाहिलं, त्याची किंमत अशी कुणीतरी आधीच भरलेली आहे.

मोहिमांना पैसा लागे, म्हणून बिर्केलाननं हवेतल्या नायट्रोजनपासून विजेच्या ठिणगीनं खत बनवायची युक्ती काढली. त्यातून १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो ही प्रचंड कंपनी उभी राहिली. नोबेलसाठी त्याचं नाव सात वेळा सुचवलं गेलं, मिळालं एकदाही नाही. आकाशातून ध्रुवांकडे उभे विद्युतप्रवाह उतरतात हे त्याचं म्हणणं पुढे सिडनी चॅपमनसारख्या मातब्बर गणितज्ञानं मानलं नाही, आणि चॅपमनचा शब्द मोठा. बिर्केलान इजिप्तमध्ये काम करत होता. मायदेशी परतण्याच्या वाटेवर १९१७ मध्ये तोक्योच्या एका हॉटेलात, झोपेच्या औषधाची मात्रा जास्त होऊन, तो वारला. वय पन्नासाच्या आतच. १९६०च्या दशकात उपग्रह वर गेले आणि ते प्रवाह खरोखर सापडले. आज त्यांना बिर्केलान प्रवाह म्हणतात. नॉर्वेनं १९९४ मध्ये त्याचं चित्र दोनशे क्रोनरच्या नोटेवर छापलं. ती नोट आता चलनात नाही.

बाकीचा उलगडा थोडक्यात सांगतो. सूर्याचा वारा पृथ्वीच्या चुंबकीय कवचाला रात्रीच्या बाजूला लांब शेपटासारखं ताणतो. तिथे जोर मिळालेले इलेक्ट्रॉन ध्रुवांकडे उतरतात आणि शंभर किलोमीटरच्या वर विरळ हवेवर आपटतात. तिथला ऑक्सिजन हिरवा उजेड देतो. दोनशे किलोमीटरच्या वरचा ऑक्सिजन लाल देतो, आणि तळाची गुलाबी-जांभळी किनार नायट्रोजनची. लाल भाग फार उंचावर असल्यानं तो दूरच्या मुलुखातूनही दिसू शकतो. क्यूबाला १८५९ मध्ये आणि इब्न फदलानला वोल्गाकाठी लालच दिसला.

मी नॉर्वेहून परतल्यावर तीन महिन्यांनी, १० मे २०२४ला, अक्षय्य तृतीयेच्या रात्री, गेल्या वीस वर्षांतलं मोठं सौर वादळ पृथ्वीवर आलं. लडाखमध्ये हानले इथल्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावरचा लाल प्रकाश टिपला, दुसऱ्या दिवशी तो सगळ्या वर्तमानपत्रांत होता. त्या रात्री मी अलिबागला भावाकडे होतो. साडेदहाला जेवून आम्ही ओसरीवर बसलो. वारा पडलेला, अंगाला घाम. आभाळात नेहमीच्याच चांदण्या. वेधशाळेत आता वही आणि दुर्बीण नाही, यंत्रं आपली आपण लिहितात. चार गल्ल्या पलीकडे त्या बिनलोखंडी इमारतीत, नेमक्या त्याच वेळी, रेघ उडाली होती.